आठव्या आठवड्याचा रकाना

रकाना लाल झाला. मी काही वावगं केलं नव्हतं. अभ्यासक्रमाच्या ऑनलाइन फॉर्मात सातव्या आठवड्यात व्यापारमार्ग भरले, आठवा सोडला आणि नवव्याकडे वळले, एवढंच. पडद्यावर आठव्याच्या भोवती लाल रेघ उमटली आणि खाली बारीक अक्षरांत वाक्य आलं : हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही. मी चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा लावला. वाक्य तिथंच. 'जगाचा इतिहास : एक ओळख' हा पहिल्या वर्षाचा पेपर मी सत्तावीस वर्षं शिकवते आहे, रोज सकाळी साडेआठचा तास, पंधरा आठवडे, आणि सत्तावीस वर्षं त्यातला आठवा आठवडा रिकामा आहे. आठचा आकडा, पुढे कोरी जागा. माझ्या सरांनी हा पेपर आखून पहिल्यांदा टंकलिखित करून घेतला तेव्हा ती कोरी होती, सायक्लोस्टाइलच्या शाईत हात बरबटायचे त्या काळातही कोरी होती, झेरॉक्सच्या दुकानदाराने एकदा "बाई, इथे छपाई उठली नाही वाटतं" म्हणून पान फुकट पुन्हा काढून दिलं तेव्हाही ती कोरीच आली. इतक्या वर्षांत कुणाला त्यात लाल होण्यासारखं काही दिसलं नाही. मला त्या वाक्याचा राग आला. आणि रागाच्या मागोमाग भीती वाटली, जशी गावच्या घरून अवेळी फोन आला की वाटते. वास्तविक घरून फोन करणारं आता कुणी उरलेलं नाही.

दारात विभागप्रमुख येऊन उभा राहिला, हातात चहाचा कप. हा माझाच विद्यार्थी. पहिल्या वर्षाला असताना उठसूट पुरावा मागायचा, म्हणून वर्गाने त्याचं नावच 'पुरावा' ठेवलं होतं, आणि आज तो प्रमुख होऊन चार वर्षं झाली तरी माझ्या मनात तो पुरावाच आहे. "मॅडम, भरला का फॉर्म?" त्याने विचारलं. मी म्हटलं, आठव्यावर अडलाय. "अडणारच. या वर्षीपासून कोरं चालत नाही. आठवड्याचा विषय पाहिजे, निष्पत्ती पाहिजे, संदर्भ पाहिजेत. डीन म्हणाले, व्यापारमार्ग भाग दोन टाका आणि मोकळे व्हा." "भाग दोनमध्ये काय, उंट परत येतात?" मी विचारलं. तो हसला, पण कप खिडकीत ठेवून माझ्यासमोर बसला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. म्हणाला, "मी तुमच्या बाजूचा आहे. पण समितीपुढे काय सांगू? सरांनी तो आठवडा मुद्दाम कोरा ठेवला याला काही आधार? त्यांच्या हातची एक ओळ आणून द्या, मी टेबलावर आपटतो. शुक्रवारी पाचला फॉर्म बंद होतोय, आणि या खेपेचा अभ्यासक्रम दहा वर्षं हलणार नाही." मी म्हटलं, माझा त्यावरचा निबंध आहे की. "मॅडम," तो अगदी हळू म्हणाला, "तो तुमचा आहे. माणूस काय म्हणाला आणि लोक त्याच्याबद्दल काय म्हणतात यात फरक करायचा, हे तुम्हीच शिकवलंत." आपण शिकवलेली विद्या अशी आपल्यावरच उलटते. मी दोन वर्षांनी निवृत्त होणार. त्या रकान्यात आता जे जाईल ते माझ्यामागे आठ वर्षं तिथे राहील, आणि तिथे उंट गेले तर तो आठवडा पुन्हा कधी कुणाला मिळणार नाही. मंगळवार होता. माझ्या हातात तीन दिवस होते.

आमची तुकडी पहिली. चाळीस वर्षांपूर्वी सरांनी हा पेपर नव्याने आखला आणि पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला. कार्बनची प्रत, अक्षरं निळसर, मागच्या बाकांवर पोचेपर्यंत इतकी पुसट की तिथली मुलं कागद खिडकीकडे धरून वाचत होती. एक : माणूस आणि आग. दोन : नद्या. तीन : धान्य आणि राजे. चार : लिपी. असं करत करत पंधरा : युद्धानंतरचं जग. मला तो कागद पाहून भोवळ यायची बाकी राहिली. मी एका लहान गावातून आलेली, जग एवढं मोठं आहे आणि ते पंधरा ओळींत मावतं या दोन्ही गोष्टी मला एकाच सकाळी कळल्या. आठव्यापुढे काही नव्हतं. मी हात वर केला. तेव्हा मी फार हात वर करायची; पुढे संसारात तो खाली आला. "सर, आठव्या आठवड्यात काय?" सर फळा पुसत होते. ते वळले, माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं, आणि बराच वेळ थांबून म्हणाले, "बघा काय करताय ते." बस्स. पुन्हा फळ्याकडे वळले. त्या थांबण्याचा मी पुढे किती अर्थ लावला! चाळीस वर्षं ते थांबणं माझ्याजवळ आहे. खिडकीतून येणारा उजेड, त्यात तरंगणारी खडूची धूळ, सरांचा डस्टर धरलेला हात. तेव्हा वाटलं, हा माणूस आपल्याला काहीतरी देतोय, आणि काय देतोय ते सांगत नाही.

आठव्या आठवड्यात मी घरी गेले. बाकीचे तास तुरळक होते आणि ते बुडवायला कुणाची परवानगी लागत नसे. बसने सात तास. आई मामाकडे गेली होती, तिच्या भावाच्या बाळंतपणाला असं वडील म्हणाले, म्हणजे मामीच्या. वडिलांचं बोलणं असंच असायचं, मधला माणूस गाळून. ते गावाच्या पाणीपुरवठ्यावर पंपचालक होते. टेकडीच्या पायथ्याशी पंपघर, आत हिरवे तीन पंप, भिंतीवर दाब दाखवणारी गोल घड्याळं, कोपऱ्यात लाकडी खुर्ची आणि तिच्यावर चौपदरी दुमडलेलं पोतं. पहाटे साडेचारला ते पंप चालू करत, मग सायकलवरून गावभर फिरून एकेका भागाचा व्हॉल्व्ह उघडत. गावात सगळे त्यांना 'पाणीवाले' म्हणत आणि नळाला पाणी कमी आलं की थेट घरी येऊन भांडत, वडील ऐकून घेत, म्हणत, "उद्या तुम्हाला दहा मिनिटं जास्त." आणि देत. शाळेत असताना मी त्यांचा डबा घेऊन पंपघरावर जायची ती डबा ठेवून पळून यायची, मला तिथल्या आवाजाची भीती वाटे. आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही. माझ्या मैत्रिणींचे वडील टेबलाशी बसून काम करत. माझ्या वडिलांच्या नखांतलं ग्रीस निघता निघत नसे, आणि वर्गात कुणी विचारलं तर मी "पाणी खात्यात आहेत" एवढंच सांगायची, जणू तिथेही त्यांना टेबल होतं.

त्या आठवड्यात मला दुसरं काही काम नव्हतं. सोमवारी डबा घेऊन गेले आणि पळून आले नाही. वडिलांनी पोतं झटकून खुर्ची मला दिली आणि स्वतः पाइपावर बसले. दोन दिवस आम्ही फारसं बोललोच नाही. त्या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागे, आणि ओरडून बोलण्यासारखं आमच्यात काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी पंप थांबवल्यावर त्यांनी विचारलं, "काय शिकवतात तिकडे?" मी पिशवीतून कार्बनचा कागद काढून दिला. त्यांनी हात पुसले, कागद कडेने धरला आणि वरून खालपर्यंत वाचला. एखादा सरकारी कागद वाचावा तसा, ओठ हलवत. मग म्हणाले, "पाणी दुसऱ्या आठवड्यात येतं होय?" मी म्हटलं, हो, नद्या. "म्हणजे पहिला आठवडा सगळी माणसं तहानलेलीच?" मी इतकी हसले की खुर्चीतून पडायची राहिले. तेही हसले. वडिलांना स्वतःच्याच विनोदावर हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांचं बोट आठव्या ओळीवर येऊन थांबलं. "इथे?" "इथे काही नाही. म्हणून तर आले." त्यांनी मान हलवली. "बरा माणूस दिसतो तुमचा मास्तर," ते म्हणाले आणि कागद जिथल्या तिथे घडी घालून परत दिला. घडीवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता, तो त्यांनी पाहिला नाही.

चौथ्या दिवशी त्यांनी मला ऐकायला शिकवलं. लांब दांड्याचा एक स्क्रूड्रायव्हर होता, लाकडी मुठीचा, मूठ कानाने कानाने गुळगुळीत झालेली. त्याचं टोक चालू पंपाच्या बेअरिंगवर टेकवायचं आणि मुठीला कान लावायचा. बाहेरचा गलका गळून पडतो आणि आतलं ऐकू येतं. मला नुसती घरघर ऐकू आली. "अजून ऐक," ते म्हणाले. "जात्यात खडा आल्यासारखं खरखरलं की समजायचं याचे दिवस भरले. तो पंप आपण होऊन बंद करायचा, बंद पडायची वाट बघायची नाही." शुक्रवारी दुपारी मला ते ऐकू आलं. दोन नंबरच्या पंपात, घरघरीच्या खाली, अगदी बारीक, ठरावीक वेळाने, टिक. मी ओरडून सांगितलं. त्यांनी मूठ स्वतःच्या कानाला लावली, डोळे मिटले, ऐकलं आणि माझ्याकडे पाहून नुसती भुवई उडवली. पुढे मला पदवीला पहिला वर्ग मिळाला, पीएचडी मिळाली, सभागृहात शाल पांघरून झाली. त्या भुवईची सर कशालाच आली नाही. शनिवारी त्यांनी सायकलच्या मागे बसवून मला बसपर्यंत सोडलं. त्यानंतर दोन महिन्यांनी, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, ते पहाटे पंपघराकडे जाताना रस्त्यातच गेले. सायकल आडवी, ते शेजारी. दोन नंबरचं बेअरिंग त्यांनी तेवढ्यात बदलून घेतलं होतं. त्यांच्या छातीला मात्र कुणी मूठ लावून ऐकलं नाही, आणि ज्या एका माणसाला ऐकायला शिकवलं होतं ती सात तासांवर बसून 'धान्य आणि राजे' पाठ करत होती.

आठवा आठवडा संपून नववा सुरू झाला त्या सोमवारी सर वर्गात आले ते मला लख्ख आठवतं, कारण मी घरून ताजी ताजी आले होते आणि सगळं नीट बघायची सवय अजून डोळ्यांत होती. त्यांच्या कानाच्या पाळीवर एक फिकट हिरवा ठिपका होता. मूगडाळीएवढा. आम्ही मुली तासभर त्या ठिपक्याकडे बघून हसू दाबत होतो. सरांनी आठव्या आठवड्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, साथीचे रोग सुरू केले. पुढल्या वर्षी नव्या मुलांना दिलेल्या कागदावरही आठवा कोराच होता, त्याच्या पुढल्या वर्षीही. तेरा वर्षांनी सर निवृत्त झाले आणि पेपर माझ्याकडे आला तेव्हा त्यांच्या क्रमात मी एकच फेरफार केला : नद्या पहिल्या आठवड्यात आणल्या, आग दुसऱ्यात ढकलली. समितीने कारण विचारलं. मी तीन जाडजूड ग्रंथांचे हवाले दिले आणि समितीने माना डोलावल्या. पाइपावर बसलेल्या माणसाचा हवाला देण्याची सोय तेव्हाच्या फॉर्मातही नव्हती.

आठव्याला मी हात लावला नाही. उलट मी त्याचं देऊळ बांधलं. वीस वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात मी निबंध वाचला, 'रिकाम्या आठवड्याची शिकवण'. त्यात म्हटलं होतं की सरांनी अभ्यासक्रमाच्या बरोबर मध्यावर जाणूनबुजून पोकळी ठेवली आहे. इतिहासातही असे काळ असतात ज्यांच्याबद्दल एक कागद, एक खापरी हाती लागत नाही. त्या मौनासमोर विद्यार्थ्याला एकटं उभं करणं हाच तो धडा. टाळ्या झाल्या. निबंध छापला गेला. त्याचे हवाले देणारे आणखी निबंध छापले गेले. साहित्य विभागाने स्वतःचा दहावा आठवडा मोकळा केला. अर्थशास्त्राने मागितला, त्यांना मिळाला नाही, ते अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत. आणि त्या दिवशी सर पहिल्या रांगेत बसले होते, सत्तरीला टेकलेले, काठी दोन गुडघ्यांत धरून, आणि मी वाचत असताना सबंध वेळ हसत होते. किती समाधानाने हसताहेत, मला वाटलं. पोटात मावणार नाही एवढा आनंद झाला होता मला. वडिलांचा त्या निबंधात उल्लेख नव्हता. विद्वानांच्या सभेत पंपघर कुठून आणणार? ती लाज अजून गेली नव्हती म्हणा, किंवा ती जागा कुणाला दाखवायची नव्हती म्हणा. मला स्वतःलाही नक्की सांगता येणार नाही.

बुधवारी दुपारी मी सरांच्या पत्नीकडे, काकूंकडे गेले. सर जाऊन सहा वर्षं झाली. काकू त्याच दुसऱ्या मजल्यावरच्या घरात एकट्या राहतात, कानाने थोड्या कमी, जिभेने तेवढ्याच तिखट. "ये. वाळलीस. नवरा खायला घालत नाही का?" दार उघडतानाच त्यांनी सुरुवात केली. मी येण्याचं कारण सांगितलं. त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी दाखवली. "घे, शोध. त्याने आयुष्यात एक कागद टाकला नाही आणि एक कागद जागेवर ठेवला नाही." मी फरशीवर फतकल मारून बसले. पेटीत जुन्या प्रश्नपत्रिका होत्या, वाळवीने कडा खाल्लेल्या वह्या होत्या, आणि अगदी तळाशी सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याच्या कार्डांचा गठ्ठा. सरांची कामाची पद्धत मला माहीत होती : आठवड्याला एक कार्ड, सगळी जमिनीवर मांडायची, आणि उकिडवं बसून पत्त्यांसारखी इकडची तिकडे करायची. मी सुतळी सोडली. पंधरा कार्डं. पहिल्यावर आग, बारीक अक्षरांत दोन्ही बाजू भरलेल्या. दुसऱ्यावर नद्या. पुराव्या, आता तुझ्या टेबलावर आपटते, असं मनात म्हणत मी सहावं बाजूला केलं, सातवं बाजूला केलं. आठव्या कार्डावर ओळ होती. एकच, सरांच्या हातची, निळ्या शाईतली : घरी रंगारी. तास नाही.

मी ती दोनदा वाचली. त्यात वाचण्यासारखं फार नव्हतं. "काकू," मी म्हटलं, "हे काय?" त्यांनी कार्ड लांब धरून वाचलं आणि त्यांना हसू फुटलं, खांदे गदगदायला लागले. "अगं, स्वयंपाकघर! तीन वर्षं मी त्याच्या मागे लागले होते. भिंतींचे पोपडे आमटीत पडायचे. शेवटी सांगितलं, या खेपेला रंगारी बोलाव आणि आठवडाभर घरी राहून लक्ष ठेव, नाहीतर मी माहेरी चालले. तेव्हा कुठे त्याने ती कार्डं पुढ्यात घेऊन एक आठवडा काढला. लक्ष कसलं ठेवतोय, स्वतःच ब्रश घेऊन शिडीवर चढला. रंगारी खाली बसून बिड्या ओढतोय आणि हा वर." मी उठून स्वयंपाकघरात गेले. या घरात मी शेकडो वेळा आले होते, याच टेबलाशी बसून चहा प्याले होते. भिंती फिकट हिरव्या होत्या. धुरकटलेल्या, गॅसच्या वर तपकिरी झालेल्या, पण कपाटाच्या मागच्या बाजूला अजून तसाच रंग, त्या ठिपक्याचा. सत्तावीस वर्षं मी लोकांना पुरावा कसा वाचायचा ते शिकवते आहे, आणि सर पुरावा कानाला लावून माझ्यासमोर उभे होते तेव्हा मी मैत्रिणीला कोपर मारून हसत होते.

"आणि पुढच्या वर्षी?" मी विचारलं. "पुढच्या वर्षी त्याने जुनाच कागद टायपिस्टला दिला. आळस, दुसरं काय! मी म्हटलं, अरे आता कुठे रंग द्यायचाय? तर म्हणाला, राहू दे, मुलांची तक्रार नाही." म्हणजे 'बघा काय करताय ते' म्हणण्यापूर्वीचं ते थांबणं, ती खिडकीकडे गेलेली नजर, हे सगळं दुसऱ्या मजल्यावरच्या पोपड्यांसाठी होतं. मला तो निबंध आठवला. पोकळी, मौन, खापरी. आणि पहिल्या रांगेतलं ते हसू. माझे कान गरम झाले. अठ्ठावन्नाव्या वर्षी, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उभं राहून, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "काकू, सरांनी मला सांगितलं का नाही? मी सगळ्यांसमोर केवढा राईचा पर्वत केला." काकूंनी चहाचं आधण ठेवलं. पाठमोऱ्याच बोलल्या. "त्या सभेतून घरी आला तो हसत हसत. म्हणाला, पोरीने माझ्या रंगाऱ्याला तत्त्वज्ञ केलं. जेवायला बसला तरी हसतोय. मग मध्येच घास ताटात ठेवला. म्हणाला, ही त्या आठवड्यात बापाकडे गेली होती गं. नंतर बाप गेला म्हणून परीक्षा चुकली तेव्हा मला सांगायला आली होती. ती आज बापाबद्दलच बोलत होती आणि मी मूर्खासारखा हसत बसलो." गॅसवर पाणी वाजायला लागलं. "मी म्हटलं, मग सांग की तिला खरं काय ते. तर म्हणाला, नको. तिने त्यात काहीतरी ठेवलंय. ते तसंच राहू दे."

मी खुर्चीवर बसले आणि रडले. काकूंनी मला रडू दिलं. साखर किती एवढंच विचारलं. वडील गेले तेव्हाही मी अशी रडले नव्हते, तेव्हा चुकलेल्या परीक्षेचं बघायचं होतं, आईला धरायचं होतं, पंपघराची किल्ली खात्याला परत करायची होती. तो लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हरही किल्लीबरोबर गेला, खात्याचा म्हणून. नव्या पंपचालकाने त्याच्या टोकाने पत्र्याचे डबे उघडले असतील. चाळीस वर्षं मी मनात एक हिशोब धरून होते की एका थोर माणसाने मुद्दाम, विचारपूर्वक, मला माझा बाप सहा दिवस दिला. तसं नव्हतं. भिंतीचे पोपडे आमटीत पडत होते म्हणून दिला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पण फांदी तुटली हे तर खरंच. दोन नंबरच्या पंपातली टिक मी ऐकली ती ऐकलीच. आणि हेही नवलच की मला ते आता कमी वाटत नव्हतं, जास्तच वाटत होतं. कुणी काही ठरवलेलं नसताना मिळालं. निघताना काकू म्हणाल्या, "कार्ड घेऊन जा. मला त्याचं काय करायचंय? भिंत आहे की माझ्याकडे."

गुरुवारी मी कार्ड पुराव्यासमोर ठेवलं. लपवता आलं असतं. निबंध छापलेला, काकू कुणाला सांगायला जाणार नव्हत्या. पण त्याला इतकी वर्षं काय शिकवलं मग? त्याने वाचलं, उलटं करून पाठ बघितली, पुन्हा वाचलं. "घरी रंगारी," तो म्हणाला. "मॅडम, अर्थशास्त्रवाल्यांना हे कळलं तर आपलं काही खरं नाही." आणि मोठ्याने हसला. मीही हसले. मग मी त्याला पंपघराचं सांगितलं, पहिल्यांदाच कुणाला तरी, ग्रीसपासून भुवईपर्यंत सगळं. तो ऐकत राहिला, कप गार होऊ दिला. थोड्या वेळाने मी विचारलं, "तू काय केलं होतंस रे, तुझ्या आठव्या आठवड्यात?" तो ओशाळला. "मी? झोपलो होतो. सकाळी तुमचा तास, दुपारी बाकीचे, मग संध्याकाळी पार्सलच्या गोदामात हमाली. होस्टेलच्या खाटेवर सहा दिवस झोपलो. रूममेटने दोनदा नाकाला सूत लावून बघितलं. तुमचा निबंध वाचला तेव्हा मला फार अपराधी वाटलं होतं, की आपण मौनासमोर उभं राहायला पाहिजे होतं आणि आपण घोरत होतो." मग टेबलावरचं कार्ड माझ्याकडे सरकवलं. "हे समितीला दाखवण्यात अर्थ नाही. पण फॉर्मला लाल नको एवढंच असतं. तो वाचत नाही, शब्द मोजतो. 'या आठवड्यानंतर विद्यार्थी' एवढं छापलेलं येतं, पुढचं तुम्ही लिहा. उंट सोडून काहीही लिहा. कुणी विचारलंच तर मी बघतो." "पुरावा न मागता?" मी विचारलं. "झोपलो होतो ना," तो म्हणाला. "साक्षीदार आहे मी."

शुक्रवारी साडेचारला मी फॉर्म उघडला. बाहेर शेवटचा तास सुटला होता, जिन्यात पावलं वाजत होती. आठव्यावर बोट ठेवलं, रकाना लाल. विषयाच्या जागी मी 'मोकळा' लिहिलं. त्याने घेतलं, तीनच अक्षरं असून. पुढची ओळ : या आठवड्यानंतर विद्यार्थी. मी 'पुराव्याच्या अभावाचं' इथपर्यंत लिहिलं आणि खोडलं. 'स्वतंत्रपणे विचार' लिहिलं आणि तेही खोडलं. डोळ्यांसमोर कार्बनचा तो कागद आला, कडेने धरलेला, आणि आठव्या ओळीवर येऊन थांबलेलं बोट. इथे? मग मी लिहिलं : घरी जाऊन आलेला असेल. ज्याला घर नाही तो झोपून उठलेला असेल. लाल रेघ गेली. लगेच त्याखाली दुसरी चौकट लाल झाली, संदर्भसाहित्य, किमान एक. चार पंचेचाळीस झाले होते. सत्तावीस वर्षं मी या फॉर्मांना ग्रंथ पुरवत आले, ग्रंथकर्ते, आवृत्त्या, पानं. मी खुर्ची पुढे ओढली आणि लिहिलं : वडील, पंपचालक. बोलणं, बुधवार दुपार, पंप थांबवल्यावर. चौकट फिकट हिरवी झाली आणि मी फॉर्म पाठवून दिला.